रुळाकडेचा रस्ता खरा दिसायला पाहिजे: बेळगावच्या एका रेल्वे गेटचं मॉडेल, पायरी पायरीनं

गेली तीन वर्षं मी आठ फूट बाय दोन फुटांच्या फळीवर टिळकवाडीकडच्या रेल्वे गेटांसारखं एक गेट, त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता, एक गल्ली आणि थोडासा रूळ असं उभं करायलोय. या तीन वर्षांत एक गोष्ट पक्की कळली ती म्हणजे घरी बघायला आलेला माणूस इंजिन नंतर बघतो, आधी तो खाली वाकून रस्ता बघतो, आणि रस्ता ओळखीचा वाटला तरच म्हणतो की अरे हे तर आपल्याकडचं गेट. परदेशी व्हिडिओ बघून केलेला गुळगुळीत काळाभोर रस्ता आणि हिरवंगार गवत आपल्या नजरेला कधीच पटत नाही कारण आपल्याकडे रस्त्याचा कडेचा भाग तांबडा असतो, भिंतीला पावसाची शेवाळ चढलेली असते आणि डांबर राखाडी झालेलं असतं. म्हणून हा लेख सगळा जमिनीबद्दल आहे, म्हणजे रूळ, खडी, माती, डांबर, गटार. इंजिन आणि वायरिंगचं दुसऱ्या वेळी बघू.

आधी चालत जा

कटर हातात घ्यायच्या आधी ज्या जागेचं मॉडेल करायचंय तिथं दोन-तीनदा जाऊन या, एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर. मी पावसानंतर गेलो म्हणून मला दिसलं की गल्लीतून बाहेर येणाऱ्या गाड्या टायरला चिकटलेला तांबडा चिखल मेन रोडवर आठ-दहा फूट ओढत नेतात आणि तो पट्टा वाळला की आठवडाभर तसाच राहतो. हे घरी बसून सुचत नाही.

मापं घेताना रुळावर उतरायचं नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि त्याची गरज पण नाही. गेटच्या बाहेर थांबून मोजता येतंय की. सिमेंटचे स्लीपर मेन लाइनला साधारण किलोमीटरला १६६० असतात म्हणजे एकापासून दुसरा ६० सेंटीमीटरवर, मग फोटोत स्लीपर मोजले की लांबी निघाली. गटारावरच्या शहाबादी फरश्या बहुतेक दोन फुटी असतात, त्या मोजा. दुकानाचं शटर, विजेचा खांब, ऑटो, या सगळ्या तयार मोजपट्ट्याच आहेत. फोटो समोरून सरळ काढा, तिरके नको, आणि जमिनीचे वेगळे काढा, म्हणजे नुसती माती, नुसतं डांबर, नुसती भिंतीची खालची दोन फूट. माझ्या फोनमध्ये गेटाजवळच्या मातीचेच चाळीसेक फोटो असतील आणि सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला.

स्केलचा हिशोब, एकदाच करून ठेवा

मी एचओ वापरतोय, म्हणजे मॉडेल रेल्वेचं १:८७ हे माप, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, त्यात खरा १ फूट म्हणजे ३.५ मिलीमीटर. ७ मीटरचा दोन पदरी रस्ता ८० मिलीमीटर होतो, ५ मीटरची गल्ली ५७, साडेपाच फुटी माणूस १९, ऑटो साधारण ३०, अकरा मीटरची बस १२६, दहा फुटाचा मजला ३५ आणि आठ फुटाचं शटर २८ मिलीमीटर. ही यादी लिहून भिंतीला चिकटवा, मी तेच केलंय.

आता एक अडचण सांगतो जी आपल्या देशातल्या प्रत्येकाला येते. एचओचा रूळ १६.५ मिलीमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या तेवढ्या अंतराचा असतो, तो परदेशातल्या १४३५ मिलीमीटर गेजला बरोबर बसतोय, पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटरचा, म्हणजे खरं तर १९.३ मिलीमीटर पाहिजे. त्यामुळे आपला रूळ मॉडेलमध्ये थोडा अरुंदच दिसतो. काही जण यावर १:१०० स्केल धरतात, तिथं १६.५ चा रूळ जवळजवळ अचूक बसतोय, पण मग गाड्या, माणसं, बस सगळं घरीच करावं लागतंय. मी १:८७ वरच राहिलो कारण रस्त्याचं सामान त्यात मिळतंय, आणि रुळाच्या दोन्ही बाजूंची खडी नीट पसरली तर तो अरुंदपणा नजरेला फारसा टोचत नाही. ज्यांना जुनं बेळगाव करायचंय त्यांना उलट सोपं आहे. नव्वदच्या दशकात गेज बदलेपर्यंत आपली लाइन मीटरगेज होती आणि १२ मिलीमीटरचा तयार रूळ १:८७ मध्ये मीटरगेजला जवळपास बरोबर बसतोय. वायपी आणि वायजी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांच्या काळातला गेट कुणी केला तर मला बघायला फार आवडेल.

आणखी एक, आठ फुटाच्या फळीवर खरे फक्त २१२ मीटर मावतात. गेटच्या अलीकडे ६०० मीटरवर जो पिवळा सी/फा चा शिट्टीचा बोर्ड असतोय तो मापात लावायचा तर गेटपासून जवळजवळ सात मीटर लांब लावायला लागेल, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात. तेव्हा लांबी आखडायची, रुंदी आणि उंची नाही आखडायची. रस्ता ८० चा ६० केला की सगळं खेळण्यातलं दिसतंय, पण तीन दुकानांच्या जागी दोन केली तर कुणाला कळत पण नाही.

फळी

हे पटकन सांगतो. १२ मिलीमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, खाली रिपांची चौकट, वर २५ मिलीमीटरचा एक्सपीएस म्हणजे दाणे न सुटणारा कडक फोम, तो इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे मिळतोय. थर्माकोल पण चालतंय पण कापताना दाणे उडतात, आणि स्प्रे पेंट लागला की दोन्ही वितळतात. बेळगावचा पाऊस माहिती आहेच, जून ते सप्टेंबर घरात कपडे वाळत नाहीत, तेव्हा प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना ऑइल पेंटचे दोन हात मारा. फक्त वरच्या बाजूला मारला तर खालून ओल धरून फळी वाकते. रुळाच्या जोडांत व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा म्हणजे फळी फुगली-आकसली तरी रूळ उचलत नाही.

रूळ आणि खडी

रूळ विकत घेताना कोड बघा. कोड १०० म्हणजे रुळाची उंची २.५४ मिलीमीटर, ती खऱ्यात धरली तर २२१ मिलीमीटर होते, आणि आपला मीटरला ६० किलो वजनाचा रूळ १७२ मिलीमीटर उंच असतोय. कोड ७५ त्याच्या अगदी जवळ जातो. जुना कोड १०० घरी पडून असेल तर टाकू नका, तो मागच्या बाजूला वापरा आणि पुढं गेटजवळ कोड ७५ घाला. फ्लेक्स ट्रॅकच्या, म्हणजे वाकवता येणाऱ्या लांब तयार रुळाच्या, खालचे प्लास्टिकचे जोड कापून स्लीपर ७ मिलीमीटरवर सरकवले की लाइन एकदम आपल्याकडची दिसायला लागते.

रुळाखाली ३ मिलीमीटरची कॉर्क शीट, फेविकॉलनं चिकटवायची, वजन ठेवून रात्रभर सोडायची. मग रूळ बसवून सगळं कनेक्शन तपासून, गाडी दहा वेळा पळवून बघून, मगच रंगाला हात घालायचा.

रुळाची बाजू तपकिरी, त्यात थोडा विटकरी, वरचा भाग लगेच कापडानं पुसायचा. स्लीपर काळं प्लास्टिक असतंय, त्याला सिमेंटचा राखाडी रंग द्या आणि रूळ जिथं टेकतोय त्या दोन जागी पातळ गंजाचा हात द्या. स्टेशनजवळचे स्लीपर जास्त काळपट तेलकट असतात, देसूरच्या पुढं मोकळ्या रानात ते फिकट असतात.

आता खडी. खरी खडी साधारण ५० मिलीमीटरची, म्हणजे आपल्याला अर्धा ते पाऊण मिलीमीटरचा दाणा पाहिजे. क्रशरची डस्ट आणा, ती मिळते, दोन चाळण्या वापरा, आधी चहाच्या गाळणीतून खाली पडेल ती घ्यायची, मग मैद्याच्या चाळणीत वर राहील ती घ्यायची, आणि पाण्यानं चांगली धुवून वाळवायची कारण धुतली नाही तर त्यातली पिठासारखी धूळ गोंदाबरोबर मिसळून सिमेंटसारखा गिलावा होतोय.

पसरायची रीत अशी. कागदाची पन्हळ करून रुळाच्या मधोमध थोडी थोडी खडी सोडा, मऊ चपट्या ब्रशनं सारखी करा, मग ब्रशच्या दांडक्यानं रुळावर हळू टकटक करत जा, स्लीपरवर बसलेले दाणे आपोआप खाली उतरतात. एकही दाणा रुळाच्या आतल्या बाजूला चिकटलेला ठेवू नका, चाक तिथंच उडी मारतंय. हे कोरडं काम मन लावून करा, घाई केलेली खडी नंतर दुरुस्त होत नाही. मनासारखं झालं की मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून बारीक फवारा मारा, उंचावरून, जवळून मारला तर खडी उडते. ओली झाली की एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हे मिश्रण सुई नसलेल्या सिरिंजनं थेंब थेंब सोडा. लिक्विड घातलं नाही तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतोय आणि खाली मुरतच नाही. चोवीस तास हात लावू नका, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस.

पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, तिथल्या सरकणाऱ्या पातींजवळ मात्र खडी अगदी कमी, आणि गोंद काडीनं लावायचा, सिरिंज नाही. माझा एक पॉइंट गोंदानं जाम झाला होता, मग पाणी लावून रात्रभर ओला ठेवला, साधा फेविकॉल पाण्यानं मऊ होतोय म्हणून वाचला.

माती: इथं वेळ घाला

बेळगावची गंमत ही की गावाच्या एका अंगाला काळी माती आणि दुसऱ्या अंगाला तांबडी. पूर्वेकडे गेलात तर काळी, खानापूर-गुंजीकडे उतरलात की जांभ्याची लालभडक. कौलं आणि मातीची भांडी खानापूरकडे होतात ती याच मातीमुळे. म्हणून 'मातीचा रंग' असा डब्यात मिळत नाही, तुमच्या जागेची मूठभर माती आणायची आणि तीच वापरायची. मी गेटच्या रस्त्याकडेची घेतली, ती मधल्या जातीची आहे, तांबूस तपकिरी, खानापूरएवढी लाल नाही. सुरुवातीला मी हौसेनं खानापूरकडची लालच घातली होती आणि ती बघून आमच्या गल्लीतले एक काका, जे रोज त्या गेटवरून जातात, लगेच म्हणाले, "हे गुंजीचं गेट केलास काय रे, आपल्याकडं एवढं लाल कुठं असतंय?" त्यांचं बरोबर होतं, सगळी खरवडून काढली.

आणलेल्या मातीवर तीन गोष्टी करायच्याच. पहिली, जुन्या तव्यावर अर्धा तास मंद आचेवर भाजायची, खिडकी उघडी ठेवून, नाहीतर त्यातल्या बिया उगवतात, किडे निघतात आणि पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. माझ्या पहिल्या फळीवर जुलैत बुरशीच आली होती. दुसरी, खलबत्त्यात कुटून ओढणीच्या कापडातून वस्त्रगाळ करायची, कारण १:८७ मध्ये रस्त्याकडेची माती म्हणजे पावडरच.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, लोहचुंबक. आपल्या तांबड्या मातीत आणि काळ्या दगडाच्या डस्टमध्ये लोहाची खनिजं असतात आणि त्यातली काही चुंबकाला चिकटतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतंय, ते फळीवरून जाताना सुटे कण ओढून घेतंय. मला हे माहिती नव्हतं. वर्षभर पैसे साठवून घेतलेलं इंजिन दोन महिन्यांत कुरकुरायला लागलं, मग थांबायलाच लागलं, उघडून बघितलं तर मोटरच्या चुंबकाला तांबडी-काळी बारीक दाढी आलेली, केसासारखे कण उभे राहिलेले. ब्रशनं आणि चिकटपट्टीनं एक एक कण काढायला अख्खा रविवार गेला. तेव्हापासून जुन्या हार्डडिस्कमधलं जोरदार चुंबक कागदात गुंडाळून मातीवरून आणि खडीवरून फिरवतोय, चिकटलेलं कागदासकट उचलून टाकून देतोय, पुन्हा नवा कागद, असं पाच-सहा वेळा. काळ्या दगडाच्या डस्टमधलं बरंच उडून चिकटतंय, तेव्हा जास्तच आणा, आणि जी उरेल तिला गोंदाचे दोन हात द्या म्हणजे सुटं काही राहत नाही.

लावताना जमिनीला आधी मातीच्याच रंगाचा अॅक्रेलिकचा हात द्यायचा, तो ओला असतानाच पातळ फेविकॉल लावून गाळणीतून माती भुरभुरायची. वाळली की व्हॅक्यूमच्या तोंडाला कापड बांधून सुटी माती ओढून घ्यायची, ती परत वापरता येते. गोंदानं माती थोडी गडद होते, एका पुठ्ठ्यावर आधी करून बघा.

डांबरी रस्ता

सँडपेपर चिकटवून रस्ता करायची पद्धत सगळीकडे दिसते, ती झटपट होते पण जोड दिसतो आणि खड्डा करता येत नाही. मी तीन पद्धती करून बघितल्या आणि शेवटी पुठ्ठा आणि वॉल पुट्टीवर येऊन थांबलो.

एक मिलीमीटरचा कडक पुठ्ठा रस्त्याच्या आकारात कापायचा, मधोमध खाली एक मिलीमीटरची पातळ पट्टी चिकटवायची आणि पुठ्ठा वरून दाबून दोन्ही कडा फळीला चिकटवायच्या. त्यानं रस्त्याला मध्ये किंचित फुगवटा येतो, पाणी कडेला जाण्यासाठी खऱ्या रस्त्याला असतोय तसा. हा एक मिलीमीटर नसेल तर रस्ता फरशीसारखा दिसतो, असेल तर कुणाला कारण कळत नाही पण रस्ता वाटतो. मग पुट्टी दह्यासारखी कालवून, त्यात राखाडी रंग आधीच मिसळून, जुन्या एटीएम कार्डानं दीड मिलीमीटरचा थर. रंग आधीच मिसळायचा कारण पुढं टवका उडाला तर आत पांढरं दिसत नाही. जाड थर एकदम दिला तर भेगा पडतात. अर्धवट वाळल्यावर ओल्या स्पंजनं थापटायचं, पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासायचं.

कडा सरळ कापू नका. आपल्याकडे डांबराची कड कुरतडल्यासारखी तुटलेली असते, कुठं कुठं माती वर आलेली असते. पुट्टी ओली असताना टूथपिकनं कड उकरा, आणि नंतर माती भुरभुरताना ती डांबरावर दोन-चार मिलीमीटर चढू द्या.

रंग: एक भाग काळा, दोन भाग पांढरा, आणि पिवळ्या मातीच्या रंगाचा अंश. जेवढा वाटतोय त्यापेक्षा फिकट करा. डांबर नवं असताना किंवा भिजल्यावरच काळं असतंय, एरवी राखाडी. मग दोन गडद चौकोनी ठिगळं काढा, पाइपलाइनसाठी खणून बुजवलेली एक आडवी पट्टी काढा, ती थोडी खचलेली पाहिजे. गाड्या गेट उघडायची वाट बघत थांबतात तिथं तेलाचे बारीक काळे ठिपके द्या, बाकी रस्त्यावर नको, तिथंच. पांढरे पट्टे मास्किंग टेप लावून जवळजवळ कोरड्या स्पंजनं टिपायचे आणि नंतर ६०० नंबरच्या पेपरनं अर्धे घालवायचे. स्पीडब्रेकर काढताना माप धरा, खरा १० सेंटीमीटर उंच असला तर इथं जेमतेम १ मिलीमीटर, माझा पहिला अडीच झाला होता आणि तो बांध दिसत होता.

खड्ड्यातलं पाणी करायचं असेल तर खड्ड्याचा तळ आधी चिखलाच्या रंगानं रंगवा, कडा गडद करा, आणि पाण्यात मिसळणारं ग्लॉस वार्निश पातळ पातळ चार थरांत सोडा. दोन खड्डे पुरेत.

धुळीसाठी बाजारातली महाग पावडर घेऊ नका. रविवार पेठेत काव मिळते, तुळशीवृंदावनाला लावतो तीच, शिवाय पिवळी माती, चुलीची राख, समईची काजळी. या चारांत बेळगावच्या रस्त्याचे सगळे रंग येतात. कोरड्या ब्रशनं चोळायचं, फुंकर मारायची, आणि मॅट वार्निशचा उंचावरून फवारा. फवाऱ्यानंतर पावडर निम्मी दिसेनाशी होते, म्हणून आधी थोडी जास्त लावा. आणि ही काव पण चुंबकाखालून काढा.

गेट

रूळ आजूबाजूपेक्षा उंच असतोय, कॉर्क, स्लीपर आणि रूळ मिळून साधारण ७ मिलीमीटर. रस्ता तिथपर्यंत हळूहळू चढवायचा, निदान १४० मिलीमीटरमध्ये, त्यापेक्षा ताठ केला की बस मध्येच टेकल्यासारखी दिसते.

दोन रुळांमधला भाग भरताना चाकाच्या कडेसाठी फट सोडावी लागते. मी दीड मिलीमीटर सोडतोय. त्यासाठी बाद झालेली दोन एटीएम कार्डं एकमेकांना चिकटवायची, एक कार्ड ०.७६ मिलीमीटरचं, दोन मिळून दीड. ते रुळाला टेकवून उभं धरायचं आणि त्याला लागून मधला पुठ्ठा चिकटवायचा, दोन्ही बाजूंना, फट एकसारखी येते. मधल्या भागाची उंची रुळापेक्षा अर्धा मिलीमीटर खालीच ठेवा, नाहीतर रूळ घासताना सगळा रंग जातो. मग सगळ्यात लांब डबा हातानं ढकलत न्या, कुठं अडखळला तर आत्ताच तासा.

दांडीवर पिवळे-काळे पट्टे आणि मधोमध लाल गोल. गेटमनची खोली, बाहेर पाण्याचा पिंप, एक खुर्ची. विद्युतीकरण झालेली आजची लाइन दाखवत असाल तर रस्त्यावर दोन्ही बाजूंना हाइट गेजची कमान, म्हणजे उंच गाड्या विजेच्या तारेला लागू नयेत म्हणून असते ती, विसरू नका, ती ४.६७ मीटर उंच, म्हणजे ५४ मिलीमीटर. हे पुष्कळ जण विसरतात.

आणि गेट बंद दाखवा. बंद गेटजवळ आपल्याकडे दुचाकी रस्त्याच्या अख्ख्या रुंदीत पसरतात, पलीकडून पण तसंच, दोन्ही फौजा समोरासमोर. मी अठरा दुचाकी अशा लावल्यात, पुढच्याचं चाक अगदी दांडीला टेकलेलं, एक जण गाडी बंद करून आरशात केस नीट करायलाय. डाव्या बाजूला ओळीत उभ्या केलेल्या गाड्यांपेक्षा या घोळक्यानं माझं गेट जास्त खरं झालं.

गटार, घरं आणि बोर्ड

रस्ता आणि घर यांच्यामध्ये गटार पाहिजेच, ६ ते ७ मिलीमीटर रुंद, आत काळपट हिरवा रंग आणि तळाला वार्निशचा एक थर. वर पुठ्ठ्याचे ७ मिलीमीटरचे चौकोन शहाबादी म्हणून, एखादी तुटलेली, एखादी जागेवर नसलेली.

जुन्या घरांना मंगळूरी कौलं करायची असतील तर चार्जरच्या किंवा छोट्या वस्तूंच्या खोक्यात बारीक लाटांचा पुठ्ठा असतोय, तो भिजवून वरचा कागद सोला, आतल्या लाटा निघतात. वाळवून लाटांना आडव्या ४ मिलीमीटरच्या पट्ट्या कापा आणि खालून वर एकावर एक थोड्या चढवत चिकटवा. विटकरी रंग, त्यावर उत्तरेकडच्या उतारावर काळपट शेवाळ जास्त. मधली तीन-चार कौलं नव्या चकचकीत रंगाची करा, दर मे महिन्यात कौलं चाळताना फुटलेली बदलतात तशी. भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर, म्हणजे ७ मिलीमीटरपर्यंत, पागोळ्यांनी उडालेला तांबडा चिखल: ओल्या टूथब्रशवर काव घेऊन बोटानं शिंतोडे उडवायचे.

दुकानांचे बोर्ड संगणकावर करून फोटो पेपरवर छापायचे आणि मागून पॉलिश पेपरनं घासून पातळ करायचे. आपल्या रस्त्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी तिन्ही लिप्या दिसतात, एकाच लिपीत सगळे बोर्ड केले तर ते बेळगाव दिसणारच नाही. कन्नड अक्षरं येत नसतील तर जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, चुकीचं लिहिलेलं वाचणाऱ्याला खटकतंय. माझे बोर्ड समोरच्या घरातल्या अक्कांनी वाचून दिले आणि दोन ठिकाणी काना-मात्रा सुधारून दिल्या. स्टेशनचा बोर्ड पिवळा, काळी अक्षरं, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी.

हिरवळ आणि तारा

गवत हिरवं कमी, वाळलेलं जास्त, पावसाळा दाखवत नसाल तर. सुतळी पिंजून, चहाच्या पाण्यात उकळून, ५ मिलीमीटरचे झुबके करून रुळाकडेला टोचायचे. घाणेरीची झुडपं स्पंज मिक्सरमध्ये फिरवून रंगवलेल्या चुऱ्याची. झाडाला जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून बुंधा. घटप्रभेकडचा रूळ करत असाल तर ऊस लावा, ३० मिलीमीटर उंच, दाट, आणि खानापूरकडे भाताची खाचरं. मागच्या पडद्यावर मी राजहंसगडाची निळसर रेघ काढलीय, फार ठळक नाही, ढगात अर्धी गेलेली.

विजेचे खांब ८ मीटरचे म्हणजे ९२ मिलीमीटर, सिमेंटचे. तारेला मणी ओवायचा काळा इलॅस्टिक दोरा वापरा, हात लागला तरी खांब मोडत नाही. प्रत्येक खांबावर केबलचं एक भेंडोळं टांगा, ते नसलेला खांब आपल्याकडे नाहीच.

फोन रस्त्यावर आडवा ठेवून बघा

सगळं झालं की फोन रस्त्यावर आडवा ठेवा, कॅमेरा खालच्या बाजूला, म्हणजे १९ मिलीमीटरच्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, आणि त्याच जागेवरून काढलेला खरा फोटो शेजारी उघडा. मला पहिल्या वेळी चार गोष्टी दिसल्या: घर आणि जमीन यांच्यामध्ये केसाएवढी काळी फट, ऑटोची चाकं स्वच्छ, खांब माती न खणता नुसते ठेवल्यासारखे, आणि गेटमनच्या खोलीचं छप्पर शेजारच्या कौलांपेक्षा जास्त चकचकीत. फटीत पातळ गोंद लावून माती भरली, चाकांना काव चोळली, खांबांच्या बुडाला चिमूटभर माती आणि दोन काड्या गवत लावलं, छपराला मॅट वार्निश दिलं. मग रूळ अल्कोहोलच्या कापडानं पुसला, चुंबक एकदा वरून फिरवलं, आणि गाडी सोडली.

वापरात नसताना फळीवर जुनी धुतलेली सुती साडी टाकून ठेवा. प्लास्टिकखाली आपल्या पावसाळ्यात घाम धरतोय.